अंगाला आठवलेलं जंगल

भर दुपारी, उन्हानं गल्लीतली कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला चिकटून पडलेली असताना, पाहुणे आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एखादी रजई आहे का हो जादा? असल्या तर दोन द्या."

असल्या उन्हात रजई मागणाऱ्या माणसाकडे ज्या नजरेनं पाहावं, त्या नजरेनं मी पाहिलं. एरवी पाहुण्यांनी त्या नजरेला सणसणीत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसते हात पुढे केले.

"पोरगी थडथडतेय," ते म्हणाले. "घरातलं होतं नव्हतं ते सगळं अंगावर टाकून झालं. चादरी टाकल्या, सतरंजी टाकली, तिच्या आईनं स्वतःची शाल टाकली. आता फक्त मीच वर जाऊन बसायचा राहिलोय."

बोलणं नेहमीचंच होतं, पण बोलणाऱ्याचा चेहरा जागेवर नव्हता. मी रजया काढल्या आणि त्यांच्यामागून गेलो.

खोलीत खाटेवर कपड्यांचा एक डोंगर होता आणि तो डोंगर हलत होता. खाटेचा पाय भिंतीला लागून खटखट वाजत होता. पाहुण्यांची लेक त्या डोंगराखाली होती, सातव्या महिन्याच्या पोटासकट. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, तिचे पाय दोन्ही हातांनी दाबून धरून बसल्या होत्या, जणू सोडले तर पाय पळून जातील. आम्ही वर आणखी दोन रजया घातल्या. मग आतून, दातावर दात आपटत, लेकीचा आवाज आला :

"बाबा... मलाही जंगल आठवायला लागलं वाटतं... मी तर ते पाहिलंही नाही."

आणि काय सांगू, आम्ही हसलो. वहिनी हसल्या, पाहुणे हसले, मीही हसलो. त्या हसण्याचा हिशेब नीट लागायला हवा असेल, तर आधी पाहुणे कोण ते सांगायला हवं.

पाहुणे म्हणजे कोणाकडे आलेले पाहुणे नव्हेत. ते त्या घराचे धडधडीत मालक. विजेच्या जाड तारा डोंगरदऱ्यांतून वाहून नेणारे जे उंच लोखंडी मनोरे असतात, ते उभे करणाऱ्या टोळीत ते फिटर होते. मनोऱ्यांची लाईन जिथून जाते तिथून रस्ता जात नाही, आणि रस्ता जात नाही तिथं बहुतेक जंगल असतं. टोळी तंबू ठोकून राहायची, मनोरा उभा करायची, तंबू उचलायची, पुढे जायची. एक लाईन संपली की दुसरी सुरू होईपर्यंत जे थोडे आठवडे मिळायचे, तेवढेच पाहुणे घरी. दर वेळी आल्यावर पहिल्या सकाळी ते स्वयंपाकघरात जाऊन विचारायचे, "साखर कुठं असते गं?" आणि वहिनी भिंतीला उद्देशून म्हणायच्या, "पाहुण्यांना साखर किती लागते, विचारा कोणीतरी." भिंतीला सांगितलेलं गल्लीभर जातंच. तेव्हापासून त्यांना दुसरं नाव उरलं नाही. त्यांचा जावई बेकरीत कामाला होता आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत राहायचा. तो एकदा सासऱ्याला तोंडावर "पाहुणे, चहा घ्या" म्हणून गेला आणि मग दोन दिवस पावांच्या ट्रेमागे तोंड लपवून हिंडला. "अरे, घरजावई यजमान झाला की सासरा पाहुणाच होणार!" असं म्हणून पाहुण्यांनीच त्याला सोडवलं.

ढगाला हात लागेल इतक्या उंचीवर हा माणूस एका पायावर उभा राहून बोल्ट पिळायचा. जमिनीवर मात्र त्यांना उंबऱ्याची ठेच लागायची. छताखाली झोप यायची नाही. घरी आले की गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी सतरंजी टाकून झोपायचे. त्या टाकीला झाकण नव्हतं. म्हणजे होतं, कधीतरी वाऱ्यानं उडून शेजारच्या शिंप्याच्या पत्र्यावर पडलं होतं आणि तिथंच नांदत होतं. वहिनी दर सुट्टीत सांगायच्या, "जगाचे बोल्ट पिळून झाले असतील तर घरचं झाकण बसवा." पाहुणे म्हणायचे, "बसवतो." आणि पुढच्या लाईनीचं बोलावणं यायचं.

त्यांच्या गोष्टी ऐकायला आम्ही सगळे पायरीवर जमायचो. त्यातली डब्याची गोष्ट मला फार आवडायची.

जंगलात ताप येतोच, पाहुणे सांगायचे. तो कोणाला चुकत नाही. कधीतरी आरोग्य खात्याचा माणूस नदी ओलांडून तळावर येतो, बोटं टोचतो, गोळ्यांची पाकिटं देतो आणि सगळ्या संपवा म्हणून बजावून जातो. पंधरवडाभर पुरतील इतक्या गोळ्या. पण ताप तर दोन-तीन दिवसांतच उतरतो. मग उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं? आचाऱ्याच्या तंबूच्या मधल्या खांबाला बिस्किटांचा एक रिकामा डबा टांगलेला असायचा. उरलेल्या गोळ्या त्यात. टोळीचा नियमच होता तो : उतरला की उरलं ते डब्यात. पुढं ज्याला थंडी वाजेल त्यानं डबा उघडायचा. आरोग्याचा माणूस पुन्हा कधी उगवेल त्याचा नेम नाही, त्यामुळे बरं झाल्यावरही एकट्यानं सगळ्या गोळ्या गिळायच्या म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचं खाल्ल्यासारखं. एका नव्या पोरानं पाकीट शेवटपर्यंत संपवलं, तर सगळी टोळी त्याला 'खादाड' म्हणायला लागली. लाईन संपेपर्यंत त्या बिचाऱ्याचं तेच नाव होतं.

"अशी माणसं शोधून सापडायची नाहीत," पाहुणे म्हणायचे. आणि ते खरंही होतं. त्या डब्याइतका चांगुलपणा मी फार थोड्या घरांत पाहिलाय.

टोळीचा दुसरा समज असा, की ताप त्या जंगलाचा असतो, माणसाचा नव्हे. शेवटचा मनोरा ओलांडला की ताप मागे राहतो. "ताप तिथल्या झाडापाण्याचा. झाड काय एसटीत चढतंय?" असं पाहुणे विचारायचे आणि आम्हा शहाण्या माणसांपैकी एकालाही त्याचं उत्तर सुचलं नव्हतं.

या खेपेला लाईन संपत असतानाच पाहुणे तापले. ताप उतरेपर्यंत त्यांनी गोळ्या घेतल्या आणि उरलेल्या डब्यात टाकल्या, कारण तेवढ्यात आचारी थडथडायला लागला होता. मग टोळी पांगली. जो तो आपापल्या घरी. पाहुणे आधी ट्रकनं, मग रेल्वेनं, मग एसटीनं असे घरी आले. हातात लेकीसाठी आणलेला बांबूचा पाळणा होता. रेल्वेत तो पाळणा मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, आणि समोरची बाई सारखी विचारत होती, बाळ कुठं आहे?

आल्यावर काही आठवडे बरे गेले. मग एका दुपारी त्यांना हुडहुडी भरली. उन्हात पायरीवर स्वेटर घालून बसले. आम्ही विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही. अंगाला जंगल आठवलं." संध्याकाळी दरदरून घाम आला, ताप गेला. म्हणाले, "विसरलं." दुसऱ्या दिवशी ठणठणीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा आठवलं. घराला त्या चेष्टेची इतकी सवय झाली की जावई बेकरीला निघताना विचारायचा, "आज जंगल आहे की सुट्टी?" लेक गरम पाण्याचा तांब्या आणून द्यायची. मग ते आठवणं आपोआप थांबलं. कोणी डॉक्टरकडे जा म्हटलं नाही. हसण्यावारी नेलेल्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे कोण जातं?

रात्री ते टाकीशेजारी झोपायचे. आमच्याकडे डास पहिल्यापासूनच. डास म्हणजे घरचीच माणसं. जरा रक्त प्यायची, कानाशी दोन ओळी म्हणायची आणि जायची. यापलीकडे त्यांनी आमचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. या गावात मलेरिया कोणी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लेकीला खोलीत उकडायचं, जावई पीठ मळायला गेलेला असायचा, म्हणून तीही संध्याकाळी गच्चीवर बापाशेजारी येऊन आडवी व्हायची. पोटावर हात ठेवून जंगलाच्या गोष्टी ऐकायची. म्हणायची, "बाबा, हे पोटातलं पण ऐकतंय हं, नीट सांगा."

तर आता त्या रजयांखालच्या आवाजाला आम्ही का हसलो, ते समजलं असेल.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं, साधा ताप आहे. दुसऱ्या दिवशी तो उतरला तेव्हा वहिनींनी डॉक्टरांची तारीफ केली. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा डॉक्टरांनी लघवी तपासली. मग टायफॉईड असेल म्हणाले. औषधं बदलली. लेकीचे ओठ पांढरे पडायला लागले. उठून बसली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टर माणूस भला होता. त्यांनी योग्य तो प्रश्नही विचारला होता :

"गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बाहेरगावी कुठं गेली होती का?"

"ही?" वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर, पोटामुळे हिला जिन्याची पायरी दिसत नाही. ही कुठली बाहेरगावी जाते!"

अक्षरन् अक्षर खरं होतं. प्रश्न पेशंटबद्दल होता आणि पेशंट कुठंच गेली नव्हती. जो गेला होता, तो दाराशी तिच्या चपला हातात धरून उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही आणि त्यालाही काही सुचलं नाही. ताप जंगलाचा असतो. झाड काय एसटीत चढतंय?

तिसऱ्या की चौथ्या हुडहुडीनंतर लेक खाटेवरून उठता उठता खाली बसली आणि मग बसूही शकली नाही. जावई बेकरीचा टेम्पो घेऊन आला. पावाचे ट्रे रस्त्यातच उतरवून ठेवले आणि तिला आत झोपवलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी होतो. मागून पाहुण्यांचा आवाज येत होता, "आलं हं हॉस्पिटल, आलं. हे काय, वळलंच." हॉस्पिटल अजून खूप लांब होतं. सगळा टेम्पो ताज्या पावाच्या वासानं भरलेला होता आणि त्या वासाचा त्या दिवशी मला संताप आला.

मोठ्या हॉस्पिटलात सलाईन लावलं, रक्त काढलं, पोटावर यंत्र फिरवलं. बाळाचे ठोके आहेत, पण बाळ दमलंय, असं डॉक्टर म्हणाले. आईच्या अंगात रक्त फार कमी झालंय. कशानं, ते बघतोय.

"बघतोय" या शब्दावर माणसानं किती वेळ उभं राहायचं? पाहुण्यांना हातानं करण्यासारखं काहीतरी काम हवं होतं. औषधं आणायला जावई पळत होता, पाय चेपायला वहिनी होत्या. पाहुणे नुसते वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. शेजारच्या खाटेचा एक पाय डुगडुगत होता. ते खाली बसले आणि बोटांनीच त्याचा बोल्ट पिळायला लागले. तिथली वयस्कर सिस्टर ओरडली, "अहो काका, काय चाललंय? उठा! पेशंट खाली पडेल."

"आता नाही पडायचा," पाहुणे खालूनच म्हणाले. "दुसरं काही असेल तर सांगा. अजून काय काय ढिलं आहे?"

सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओरडणं थांबवलं. "जरा बसा," ती म्हणाली. "तुम्ही पडलात तर तुम्हाला कुठं ठेवू?"

तेवढ्यात लेकीला पुन्हा थंडी भरली. सलाईनची नळी थरथरायला लागली. वहिनींनी तिचा हात धरला. लेकीनं डोळे उघडले. आईचा चेहरा पाहून तिला वाटलं असावं, हिला जरा हसवावं. बापाचीच लेक ती.

"आई... रडू नको गं. जंगल आठवतंय नुसतं."

वहिनींनी हसायचा प्रयत्न केला आणि त्यांना हुंदका फुटला. सिस्टर हसली नाही.

"कुठलं जंगल?"

"काही नाही हो," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्या घरातली चेष्टा आहे. ह्यांना अशी थंडी वाजली की हे म्हणतात, जंगल आठवलं."

"ह्यांना म्हणजे कोणाला?"

पाहुणे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. सिस्टरनं त्यांच्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्हाला कधी आठवलं होतं जंगल?"

"आल्यावर. महिना-सव्वा महिना झाला असेल."

"रोज?"

"छे, एक दिवस आड. मधल्या दिवशी मी अगदी ठणठणीत." हे वाक्य ते नेहमीच्या ऐटीत म्हणायला गेले. अर्ध्यावर त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांनी लेकीच्या खाटेकडे पाहिलं. तिच्या तापाचे दिवस ते मनात मोजत असावेत. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. मनोऱ्यावर एकेक बोल्ट वरून खालपर्यंत निसटत यावा, तसं त्या चेहऱ्याचं झालं.

सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. दोघांचीही बोटं टोचली. फार वेळ लागला नाही. डॉक्टर तरुण होते. निकाल हातात घेऊन ते आधी खुर्चीत बसले आणि मगच बोलले. मलेरिया. बापाला आणि लेकीलाही.

"पण ती जंगलात गेलीच नाही," पाहुणे म्हणाले.

"तुम्ही गेला होतात ना? तो तुमच्या रक्तातून आला. तुमच्या गच्चीवरचा डास आधी तुम्हाला चावला, मग काही दिवसांनी तिला."

"आमच्या गच्चीवरचा?" असं काही विचारलं त्यांनी, की जणू घरातलाच माणूस फितूर झालाय.

"गोळ्या दिल्या होत्या का तिकडे?"

"दिल्या होत्या."

"किती घेतल्या?"

"ताप उतरेपर्यंत."

"आणि बाकीच्या?"

पाहुण्यांनी तोंड उघडलं. ती गोष्ट त्यांनी आम्हाला कितीदा तरी रंगवून सांगितली होती, खांब, डबा, खादाड, सगळ्यासकट. आता त्यांच्या तोंडून फक्त एक शब्द आला. "डब्यात."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी खिडकीकडे पाहायला लागलो.

औषध मिळाल्यावर ताप इतक्या आज्ञाधारकपणे उतरला की चीड यावी. तो गेला, पण जाताना रिकाम्या हातानं गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीला कळा सुरू झाल्या. बाळ आलं. मुलगी होती. पाहुण्यांच्या मोठ्या पान्याएवढी असेल, जास्त नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. जावई त्या पेटीपुढं उभा राहिला आणि हलला नाही. पोरानं उभं आयुष्य भट्टीसमोर काढलेलं. कुठला पाव किती वेळ आत ठेवायचा, हे त्याला झोपेतही कळायचं. मी जवळ गेलो तेव्हा काचेवरची नजर न काढता तो म्हणाला, "लवकर निघाली हो बाहेर. अजून वेळ हवा होता."

संध्याकाळपर्यंत ती होती. मग नव्हती.

लेक वाचली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्या वेळी ते आम्हालाही मुद्दाम सांगावं लागत होतं.

गल्लीत आरोग्य खात्याची माणसं आली. घरोघरी जाऊन बोटं टोचली. शिंप्याच्या रक्तात सापडला, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या रक्तात सापडला. दोघंही औषधानं बरी झाली, पण शिंप्यानं काही दिवस पाहुण्यांच्या घराकडची खिडकी बंद ठेवली. पायरीवर आता कोणी जमायचं नाही. "पाहुणे" हा शब्दही गल्लीत ऐकू येईना. जे नाव चेष्टेत पडलं होतं, ते आता उच्चारायला लोक कचरायला लागले.

खात्याची एक मुलगी गच्चीवर गेली. टाकीत बॅटरीचा उजेड मारून तिनं पाहुण्यांना बोलावलं. पाण्यात बारीक बारीक जीव आडवे तरंगत होते.

"पण हे तर पूर्वीपासूनच आहेत," पाहुणे म्हणाले.

"हो ना. यांच्यात काही नव्हतं. डास फार लांब जात नाही, काका. ही गल्ली ओलांडली तरी खूप झालं. लांब जातो तो माणूस." मग तिनं विचारलं, "तुमच्या टोळीतले बाकीचे कुठं आहेत?"

पाहुण्यांनी फोन काढला. गच्चीवरच बसले आणि एकेकाला लावायला लागले. जो माणूस बरा होऊन घरी बसलाय, त्याला 'तू बरा नाहीस' हे फोनवरून पटवणं सोपं नसतं. एक म्हणाला, "दादा, लाईन संपल्यावर तुम्हाला करमत नाही वाटतं." दुसऱ्यानं विचारलं, प्यायलात का? एकाच्या बायकोनंच फोन उचलला आणि सांगितलं की ते आजच दुसऱ्या कामावर गेले, लांब आहे, तिथं फोन लागत नाही. खादाड तेवढा लागल्या लागल्या भेटला. तो बरा होता. तो अगदी खराच बरा होता.

शेवटी आचारी सापडला. त्याचा आवाज फोनमधून बाहेर आमच्यापर्यंत येत होता.

"अहो, मी मजेत आहे! मधूनमधून अंगाला जंगल आठवतं तेवढंच."

टोळीतूनच आली होती ती चेष्टा. तीही माणसांबरोबर घरोघर गेली होती.

"घरात कोण कोण आहे तुझ्या?" पाहुण्यांनी विचारलं.

"सगळी आहेत. लेकी आल्यात, नातू आलाय, नुसता धुडगूस आहे. देऊ का नातवाला फोन?"

"देऊ नको!" पाहुणे ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. मनोऱ्यावरून खाली हाक मारावी तसे ते ओरडत होते. "ऊठ! आत्ताच्या आत्ता ऊठ आणि दवाखान्यात जा! आज तुझा मधला दिवस असला तरी जा! रक्त तपासायला सांग आणि नातवाला मच्छरदाणीत घाल. माझी नात गेली रे! ऐकतोयस का?"

मग आचारी हळूच म्हणाला, "डबा मी बरोबर आणलाय. पुढच्या लाईनीला लागेल म्हणून. त्यातल्या घेऊ?"

पाहुण्यांनी कपाळ टाकीला टेकवलं. "नको. त्यातल्या नको. त्या पुरायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी ते शिंप्याच्या पत्र्यावर चढले. शिंपी खिडकीच्या फटीतून पाहत होता. झाकण आणलं, भोकं पाडली, आणि मनोऱ्याचे बोल्ट घालून असं पिळलं की पुढं टाकी धुवायला आलेला नळवाला हात जोडून परत गेला. बोल्ट घट्ट झाल्यावरही पाहुणे पिळतच होते. वहिनी खालून म्हणाल्या, "पुरे आता." ते ऐकू आलं नसावं.

लेक घरी आली. ती आईशी बोलायची, नवऱ्याशी बोलायची, माझ्याशीसुद्धा बोलायची. बापाशी नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणाल्या. बांबूचा पाळणा पाहुण्यांनी कुठंतरी नेऊन ठेवला. कुठं, ते कोणी विचारलं नाही.

रक्तातला ताप गेला तरी त्याचं बी यकृतात दडून बसतं, आणि त्याच्यासाठी पंधरवडाभराची वेगळी गोळी असते. टोळी जी डब्यात टाकायची, तीच ही. हॉस्पिटलनं एक तपासणी करून पाहुण्यांना ती सुरू केली. पोटात बाळ असताना ही गोळी देत नाहीत. लहान बाळ अंगावर पीत असतानाही देत नाहीत. लेकीला आता ती देता येणार होती. सिस्टरनं पाकीट तिच्या हातात ठेवलं तेव्हा हे कोणी बोललं नाही, पण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळलं.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे रजया न्यायला गेलो होतो. वहिनींनी त्या धुऊन, घडी घालून ठेवल्या होत्या. पाहुणे खाटेवर बसले होते. थंडी नव्हती, ताप नव्हता, भूक लागायला लागली होती. गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात होतं, त्यातल्या थोड्याच संपलेल्या. मी पाहत होतो. त्यांनी पाकिटाची नीट घडी केली आणि शर्टाच्या वरच्या खिशात सारली. सगळ्या आयुष्याची सवय ती. बरं वाटल्यावर हात आपोआप तिकडेच जायचा.

दारात लेक उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात तिचं पाकीट. तिनंही ते पाहिलं.

"कोणासाठी ठेवताय?" तिनं विचारलं.

हॉस्पिटलातून आल्यापासूनचा तिचा बापाशी तो पहिला शब्द होता. पाहुण्यांनी खिशावर हात ठेवला. आपण काय केलं ते तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नुसती मान हलवली. कोणासाठी नाही.

ती येऊन खाटेवर त्यांच्याशेजारी बसली, मधे जराशी जागा सोडून. स्वतःच्या पाकिटातली एक गोळी काढली आणि त्यांच्याकडे हात पुढे केला. पाहुण्यांनी खिशातलं पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिनं त्यातली एक काढली.

"ही तुमची. ही माझी."

दोघांनी एकाच पेल्यातलं पाणी घेतलं. गोळी कडू असावी. लेकीनं तोंड वाकडं केलं आणि गिळली. पाहुण्यांनीही गिळली. ती उठली नाही. लहानपणी औषध गालात लपवायची सवय तिला होती, त्यांना नव्हे, आणि तेव्हा तिच्यापुढं उकिडवं बसून ते जे म्हणायचे तेच ती आता म्हणाली, न हसता, त्यांच्या तोंडाकडे रोखून पाहत.

"जीभ दाखवा, बाबा."

पाहुण्यांनी डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.